रक्त छताकडे कसं गेलं? 'एल्म स्ट्रीट'मधल्या एका फिरत्या खोलीची केस

१९८४ चा 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' ज्यांनी पाहिलाय त्यांना त्यातली दोन मरणं नक्की आठवत असतील. एक टीनाचं, ती भिंतीवरून फरफटत छतावर जाते आणि तिथून धाडकन पलंगावर पडते. आणि दुसरं ग्लेनचं, त्याला पलंगच आत ओढून घेतो आणि मग त्याच भोकातून रक्ताचा लोट उसळून थेट छताला भिडतो. ग्लेन म्हणजे जॉनी डेप, त्याचा हा पहिलाच सिनेमा. आता पिक्चरमध्ये ही दोन वेगळ्या घरांतली दोन वेगळी बेडरूम आहेत, पण शूटिंगला खोली एकच होती, सामान बदलून वापरलेली, आणि ती अख्खी खोली गोल फिरायची. मला ह्या एका खोलीबद्दलच लिहायचंय. स्लॅशर सिनेमा, म्हणजे एक खुनी एकेकाला गाठून मारत जातो तसला पिक्चर, म्हणजे नुसत्या लाल रंगाच्या बादल्या ओतायच्या, त्यात डोकं काय लागतं, असं जे लोक सर्रास बोलतात ते निदान ह्या खोलीच्या बाबतीत तरी साफ खोटं आहे, आणि ते का खोटं आहे हे नीट उलगडून सांगावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर खोलीची गरज का पडली तेच कळणार नाही.

लेखक-दिग्दर्शक वेस क्रेव्हन. घरचं वातावरण कडक बाप्टिस्ट, नंतर काही वर्षं कॉलेजात शिकवलं, आणि मग सत्तरच्या दशकात हॉररमध्ये आला. ह्या सिनेमाची कल्पना त्याला सुचली 'लॉस एंजेलिस टाइम्स'मधल्या बातम्यांवरून. व्हिएतनाम युद्धानंतर आग्नेय आशियातून बरेच निर्वासित अमेरिकेत आले, त्यात लाओसचे ह्मोंग लोक होते, आणि त्यांच्यातले काही धडधाकट, तरुण पुरुष रात्री झोपेत अचानक मरत होते. कारण सापडत नव्हतं. १९८१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य यंत्रणेनंसुद्धा ह्याची नोंद घेतली. क्रेव्हन एका मुलाची गोष्ट नेहमी सांगायचा, तो पोरगा भयंकर स्वप्नांना घाबरून झोपायलाच तयार नव्हता, घरच्यांनी कसंबसं झोपवलं, आणि रात्री किंचाळत उठला तो गेलाच. ह्मोंग लोकांत रात्री छातीवर येऊन बसणाऱ्या आत्म्याची समजूत आहे, आपल्याकडेही झोपेत अंगावर काहीतरी बसलं, हातपाय हलेनात, ओरडावं तर आवाज फुटेना असं सांगणारी माणसं घरोघरी भेटतात, त्यामुळे ही भीती आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

तर गोष्ट अशी. लहान मुलांना मारणारा फ्रेडी क्रूगर कोर्टातून सुटतो, सर्च वॉरंटवरच्या सहीचा घोळ झालेला असतो म्हणून. मग गल्लीतले आईबाप एकत्र येऊन त्याला बॉयलर रूममध्ये जिवंत जाळतात आणि मुलांना ह्यातलं एक अक्षर सांगत नाहीत. वर्षांनंतर तो त्याच मुलांच्या स्वप्नात येतो, हातात पात्यांचा ग्लव्ह घालून. स्वप्नात मारलं की खरोखर मरण. म्हणजे वाचायचा उपाय एकच, झोपायचं नाही, आणि माणूस किती दिवस न झोपता राहणार?

कागदावर हे वाचायला भारी वाटतं पण स्टुडिओवाल्यांना पटेना. युनिव्हर्सलनं नाही म्हटलं, पॅरामाउंटनं नाही म्हटलं. शेवटी न्यू लाइन सिनेमाच्या रॉबर्ट शे ह्यानं हात पुढे केला. न्यू लाइन तेव्हा काही मोठा स्टुडिओ नव्हता, १९६७ साली सुरू झालेली छोटी कंपनी, कॉलेजांमधून पिक्चर दाखवण्याच्या धंद्यातून वर आलेली. बजेट वीस लाख डॉलरच्या आतलं. मधेच पैसा आटला आणि काही दिवस युनिटला पगारसुद्धा देता आले नाहीत, तरी लोक थांबले. जून १९८४ मध्ये शूटिंग सुरू झालं, ३२ दिवसांत उरकलं, आणि ९ नोव्हेंबरला पिक्चर थिएटरमध्ये. एवढ्या घाईत, एवढ्या तंगीत हे सगळं झालंय हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आता खरी अडचण. क्रेव्हनच्या स्क्रिप्टमध्ये टीना मरते तेव्हा खोलीत तिचा मित्र रॉड जागा असतो. तो फ्रेडीला बघू शकत नाही, कारण फ्रेडी टीनाच्या स्वप्नात आहे. म्हणजे प्रेक्षकाला काय दिसायला हवं, तर एक मुलगी हवेत कुणाशी तरी झगडतेय, तिच्या अंगावर आपोआप चिरे पडताहेत, आणि ती भिंतीवरून वर वर ओढली जातेय. मारणारा गायब. साधारण स्लॅशरमध्ये सुरीवाला दिसतो, सुरी वर जाते, कट, किंकाळी, कट, रक्त. त्या कट-कटमध्ये सगळी चलाखी लपवता येते. इथे लपवायला जागाच नाही, उलट जितका वेळ कॅमेरा स्थिर ठेवून बघत राहाल तितकं ते भयानक. तारांवर नटीला टांगलं असतं तर तारा दिसायची भीती, आणि टांगलेलं शरीर टांगल्यासारखंच दिसतं, त्याचे हातपाय लोंबतात, भिंतीला घासत नाहीत. कॉम्प्युटरनं पुसापुशी करायचे दिवस अजून यायचे होते.

उत्तर जुनंच होतं. १९५१ मध्ये 'रॉयल वेडिंग'मध्ये फ्रेड अस्टेअर भिंतीवर आणि छतावर नाचला तो असाच, खोली फिरवून. खोली एका मोठ्या फिरत्या चौकटीत बसवायची, आतलं सगळं सामान खिळ्यांनी, स्क्रूनी घट्ट ठोकायचं, आणि कॅमेरा खोलीलाच बोल्टनं जोडायचा म्हणजे तोही खोलीबरोबर फिरणार. कॅमेऱ्याला खोली सरळच दिसते. फिरतंय काय, तर आतलं मोकळं माणूस. ते बिचारं जमिनीवरच रांगत असतं, पण जमीन कधी भिंत झालेली असते आणि कधी छत.

मेकॅनिकल इफेक्ट्सचं काम जिम डॉयलकडे होतं, फ्रेडीचा ग्लव्हसुद्धा त्याच्याच हाताखाली तयार झाला. पैसे नसल्यानं ही खोली फिरवायला मोटर वगैरे काही नाही, माणसं हातानं ढकलून फिरवायची. आत कॅमेरामन जॅक हायटकिन आणि स्वतः क्रेव्हन, दोघं गाडीच्या सीटवर पट्ट्यांनी बांधून घेऊन बसलेले, आणि त्या सीट खोलीच्या भिंतीला ठोकलेल्या. म्हणजे खोली उलटी झाली की हेही उलटे. बघणाऱ्याला वाटतं दिग्दर्शक खुर्चीत चहा पीत बसला असेल.

टीनाचं काम करणारी अमांडा विस हिच्यावर ह्या खोलीचा काय परिणाम झाला हे तिनं नंतर सांगितलंय. आत शिरल्यावर डोळ्यांना खोली सरळ दिसते, पण कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगत असतं की तू पडतेयस. तिला गरगरायला लागलं, खाली कुठलं वर कुठलं कळेना, ती घाबरली आणि क्रेव्हनला तिला धीर देत समजावून सांगावं लागलं. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. तिच्या चेहऱ्यावर जे आहे त्यात अभिनय आहेच, पण हात आधार शोधताना ज्या पद्धतीनं भिंत चाचपडतो तो खरा तोल गेलेल्या माणसाचा हात आहे. आपलं शरीर बघताक्षणी ते ओळखतं, डोक्याला कळायच्या आधी. रक्त तर आहेच, छतभर रक्ताचे ओघळ आहेत, पण अंगावर काटा येतो तो त्या हातामुळे, आणि हे मी खूप विचार करून म्हणतोय.

आणखी एक गोष्ट. पिक्चर सुरू झाल्यापासून पहिली काही मिनिटं आपण टीनाबरोबरच असतो, स्वप्न तिचंच असतं, हिरॉइन हीच असं वाटतं. ती अशी पहिल्या भागातच जाते आणि मग गोष्ट हेदर लँगेनकॅम्पच्या नॅन्सीकडे सरकते. म्हणजे खोलीनं नुसतं वर-खाली उलटं केलं नाही, ह्या पिक्चरमध्ये कोण वाचणार ह्याचा आपण मनात मांडलेला हिशोबही उलटा केला.

आता दुसरा वापर, ग्लेनचा.

इथे गोष्टीतली परिस्थिती आधी सांगतो कारण ती रक्ताइतकीच क्रूर आहे. नॅन्सीनं ठरवलंय की स्वप्नात जाऊन फ्रेडीला धरून बाहेर ओढायचं, ग्लेननं जागं राहून मदत करायची. ग्लेन समोरच्याच घरात राहतो. त्याला झोप येतेय, मांडीवर छोटा टीव्ही, कानाला हेडफोन. नॅन्सी फोन करते तर त्याचा बाप ठेवून देतो आणि वर रिसीव्हर बाजूला काढून ठेवतो, पोरीचं डोकं फिरलंय म्हणून. तिकडे नॅन्सीच्या आईनं खिडक्यांना गज बसवलेत, दाराला कुलूप. दोन्हीकडचे आईबाप आपल्या मुलांचं रक्षणच करताहेत असं त्यांना मनापासून वाटतंय, आणि त्याच रक्षणानं ग्लेन एकटा पडतो. पलंगातून हात येतो, तो आत जातो, मागून टीव्ही, वायरी, चादर सगळं ओढलं जातं. क्षणभर शांत. आणि मग रक्त.

हे रक्त वर जायला हवं होतं. पंपानं खालून वर फवारा मारला तर तो कारंज्यासारखा फुटतो, थोडा वर जातो, परत खाली पडतो, आणि एवढ्या लहान सेटवर त्याला ती जाडी येत नाही. मग तीच खोली उलटी करायची. छत खाली, पलंग वर. पलंगाला भोक, आणि त्या भोकातून वरून रक्त ओतायचं. कॅमेराही उलटाच बांधलेला असल्यामुळे पडद्यावर ते खालून वर उसळतंय असं दिसणार. गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध काही करायचंच नाही, त्यालाच कामाला लावायचं. सिनेमातलं नेहमीचं नकली रक्त इथे हवं तसं दिसत नव्हतं म्हणून रंगवलेलं पाणी वापरलं. पूर्ण सिनेमात मिळून ५०० गॅलनच्या वर, म्हणजे साधारण १९०० लिटर, नकली रक्त लागलं असं सांगतात. दोनदा करायची सोय नव्हती. एकदा खोली लाल झाली की झाली, धुऊन रंगवून पुन्हा उभी करायला ना वेळ होता ना पैसा.

आणि नेमका इथे घोळ झाला. ठरलं असं होतं की रक्त ओतून झाल्यावर खोली जरा फिरवायची म्हणजे ते छतावरून भिंतीकडे सरकेल. पण ती चुकीच्या बाजूला फिरवली गेली. पाण्याचं वजन भयंकर असतं, एका लिटरला एक किलो धरा आणि ते सगळं एका बाजूला धावलं की काय होईल ते बघा. वजन एका अंगाला गेलं आणि खोली ढकलणाऱ्यांच्या हातातून सुटली, स्वतःच फिरत राहिली. आतले दिवे, वायरी, सगळ्यावर ते पाणी गेलं, ठिणग्या उडाल्या, दिवे गेले. क्रेव्हन आणि हायटकिन आत पट्ट्यांनी बांधलेले, उलटे लटकलेले, अंधारात, आणि बराच वेळ तसेच होते. कुणाचा जीव गेला नाही हे नशीबच. पाणी आणि चालू वीज एकत्र हा प्रकार आज कुठल्याही सेटवर कुणी करू नये, आणि तेव्हाही करायला नको होता. पिक्चर कितीही आवडता असला तरी हातानं खोली ढकलणाऱ्या माणसांचा जीव त्याहून मोठा आहे, आणि कमी बजेटच्या पिक्चरचं कौतुक करताना ही बाजू गाळली जाते म्हणून मुद्दाम लिहितोय.

पण फिल्मवर जे आलं ते आलं. आणि ते ठरवलेल्यापेक्षा जास्त विचित्र आलं. पिक्चरमध्ये नीट बघा, रक्त वर जातं, छतावर पसरतं, आणि मग अचानक छतावरच एका बाजूला धावायला लागतं, कुणीतरी खोली कलती केल्यासारखं. द्रव पदार्थ असा वागत नाही हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. टीनाच्या सीनमध्ये एक शरीर चुकीच्या दिशेनं जात होतं, इथे अख्ख्या खोलीतलं रक्त चुकीच्या दिशेनं जातंय, म्हणजे एकाच यंत्रावर दोन वेगवेगळ्या भीत्या उभ्या केल्यात. ग्लेनचं शरीर आपल्याला दिसतच नाही. एवढ्या रक्ताळलेल्या सीनमध्ये एकही जखम नाही, एकही तुकडा नाही, आणि तरी कुणालाही विचारा, सगळ्यात भयानक मरण कुठलं तर हेच सांगतील.

सेन्सॉरचंही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत आर रेटिंग (१७ वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाबरोबरच प्रवेश) मिळवायला क्रेव्हनला काही सेकंद कापावे लागले, आणि ते कापले टीनाच्या सीनमधून. लिटरच्या हिशोबात ग्लेनचा सीन कितीतरी मोठा, पण कात्री लागली ती जिथे माणसाचं अंग दिसतं आणि त्याला वेदना होताना दिसतात तिथे. मला हे बरोबरच वाटतं, म्हणजे कापणं बरोबर असं नाही, पण रेटिंग देणाऱ्यांना कुठे जास्त लागलं हे त्यातून कळतं. गोअर, म्हणजे पडद्यावरची रक्ताळ चिरफाड, लिटरमध्ये मोजता येत नाही.

बाकीच्या युक्त्याही ह्याच जातीच्या आहेत. नॅन्सीच्या पलंगावरच्या भिंतीतून फ्रेडी वाकून बाहेर येतो ती भिंत म्हणजे ताणलेलं स्पॅन्डेक्सचं कापड, मागून डॉयल स्वतः रेलून दाब देतोय. बाथटबमध्ये ती पाण्याखाली ओढली जाते तो टब बिनतळाचा, खाली स्विमिंग पूल. पाय रुतणारा जिना ही तर निर्माता शेच्या स्वतःच्या दुःस्वप्नातली गोष्ट, त्यात पॅनकेकचं पीठ कालवून भरलेलं. २०१० च्या रिमेकमध्ये तोच भिंतीचा सीन कॉम्प्युटरवर केला, पैसे कितीतरी जास्त, आणि भिंत भिंतीसारखी वाटतच नाही. कापडाला वजन असतं, ते एका ठिकाणी ताणलं की दुसरीकडे सुरकुतं, डोळ्याला ते दिसतं. संगणकाला शिव्या द्यायच्या नाहीत मला, पण ह्या सीनपुरती तुलना करून बघाच.

आपल्याकडेही हा पिक्चर पोचला तो आधी व्हिडिओ कॅसेटवरून आणि मग तुलसी आणि श्याम रामसेंच्या 'महाकाल'मधून, १९९४ साली. मुंबईच्या रामसेंनी पात्यांचा ग्लव्ह घेतला, स्वप्नात मारणं घेतलं, अर्चना पूरण सिंग घेतली, जॉनी लिव्हरची कॉमेडी आणि गाणी टाकली. रामसे मला मनापासून आवडतात, तुटपुंज्या पैशात धूर, निळा प्रकाश आणि वाडे ह्यांच्यावर त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. पण 'महाकाल'मध्ये तो दुष्ट म्हणजे मुलांचे बळी देणारा मांत्रिक आहे, त्यामुळे त्याची ताकद काळ्या जादूची होते. मूळ पिक्चरमध्ये ताकद येते आईबापांनी केलेल्या आणि लपवलेल्या खुनातून. म्हणून तिथे घरातलीच खोली उलटी होणं इतकं लागतं. पलंग आपला, चादर आपली, खाली आई जागी आहे, आणि तरी छत आणि जमीन जागेवर नाहीत.

पुढे काय झालं ते थोडक्यात. पिक्चरनं एकट्या अमेरिकेत अडीच कोटी डॉलरच्या वर कमावले, न्यू लाइन तरली आणि मोठी झाली, हॉलिवूडमध्ये तिला फ्रेडीनं बांधलेलं घर म्हणायला लागले. क्रेव्हनला शेवट वेगळा हवा होता, नॅन्सी फ्रेडीकडे पाठ फिरवते, तुला मी दिलेली सगळी ताकद परत घेते म्हणते, आणि तो संपतो, विषय खलास. शेला पुढच्या भागासाठी दार उघडं हवं होतं. शेवटी दोघांच्या मधला काहीतरी शेवट झाला, नॅन्सीच्या आईला दाराच्या छोट्या खिडकीतून आत खेचतात तो, आणि तिथे जी बाहुली वापरलीय ती स्पष्ट बाहुली दिसते. क्रेव्हनला ही तडजोड कायम खटकत राहिली. हक्क त्याच्याकडे उरले नव्हते, भाग येत गेले, फ्रेडी हळूहळू विनोद करणारा होत गेला. १९९४ मध्ये क्रेव्हन स्वतः एका भागाच्या दिग्दर्शनासाठी परत आला. २०१५ मध्ये तो गेला. २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत पहिला 'एल्म स्ट्रीट' जपून ठेवण्यासाठी निवडला गेला.

शेवटाची ती बाहुली आणि ग्लेनचा सीन एकापाठोपाठ बघितले की माझा मुद्दा आपोआप कळेल. दोन्ही त्याच घाईतले, त्याच तंगीतले. पण फिरती खोली गोष्टीच्या गरजेतून आली होती, मारणारा दिसत नाही म्हणून मारण्याचं काम खोलीलाच करावं लागलं, आणि ती बाहुली पुढच्या भागाच्या गरजेतून आली, म्हणून ती लागत नाही. ज्यांना हॉरर शॉर्टफिल्म करायची आहे, आणि हल्ली मोबाइलवर करणारी बरीच मुलं आहेत, त्यांनी ग्लेनचा सीन आवाज बंद करून बघा, मग फोन उलटा धरून बघा. उलटा धरल्यावर ते साधं वरून ओतलेलं पाणी दिसतं, अगदी साधं. मग दिवे कुठे लावलेत, सावल्या कुठे पडताहेत, कुठलं सामान ठोकलेलं आहे आणि कुठल्या क्षणी पाणी बाजूला धावायला लागतं ते शोधा. आणि स्वतः करताना पाणी आणि वीज लांब ठेवा.